पहिला मेटल डिटेक्टर: आधी रानातली माती ओळखा, मग मशीन घ्या

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आल्याची काढणी सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी वहिनींच्या मंगळसूत्राची एक वाटी रानात पडली. कधी तुटलं ते कळलंही नाही, संध्याकाळी हातपाय धुताना लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी सहा बायका आणि आम्ही दोघं भाऊ वाफ्यांवर बसून माती चाळत होतो. भाचा म्हणाला, "मामा, चाळत काय बसलाय? डिटेक्टर मागवू की." मागवला. ऑनलाइन, स्वस्तातला, खोक्यावर 'तीन मीटर खोल' असं ठळक छापलेला. आमचं रान कोरेगावच्या बाजूला, काळं. हवेत धरला की तो डिटेक्टर गप्प, आणि जमिनीजवळ नेला की थांबेचना. वाटी कुठं आहे ते त्याला कळलं नाही, जमीन कुठं आहे ते मात्र पक्कं कळलं होतं.

वाटी पुढे सापडली, ती हकिगत शेवटी येईल. पण त्या पिवळ्या डिटेक्टरनं एक गोष्ट शिकवली. साताऱ्या-सांगलीत डिटेक्टर घ्यायचा तर तो किती खोल जातो हे नंतर विचारा, आपल्या मातीवर तो शांत राहतो का हे आधी बघा. पुढचं सगळं याच क्रमानं लिहिलंय.

आधी कशासाठी हवा ते ठरवा

एका कागदावर खरंखुरं लिहा: मी काय शोधणार आहे? आपल्याकडं या प्रश्नाची प्रामाणिक उत्तरं साधारण अशी निघतात. रानात पडलेले दागिने: जोडवी, पैंजण, वाटी, अंगठी. रोटाव्हेटरचं तुटलेलं पातं, ट्रॉलीची पिन, नांगराचा बोल्ट. मातीखाली गाडला गेलेला पाइपलाइनचा लोखंडी व्हॉल्व्ह (पाइप पीव्हीसीचा असेल तर त्याला डिटेक्टर ओळखत नाही, व्हॉल्व्हला ओळखतो). कुट्टी मशीनमध्ये घालण्याआधी वैरणीत तारेचा तुकडा किंवा खिळा आहे का ते बघणं. गाईच्या पोटात गेलेली तार काय करते हे ज्यानं एकदा पाहिलंय, त्याला या कामाची किंमत वेगळी सांगायला नको. आणि उरलं ते म्हणजे निव्वळ छंद: सकाळी दोन तास, आपलंच रान, कानात हेडफोन.

कागदावर 'गुप्तधन' असं आलं असेल तर पुढचा भाग लक्ष देऊन वाचा.

कायदा: डिटेक्टर हातात घेण्याआधी

१८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत लपवलेलं काहीही मौल्यवान सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असेल, तर सापडणाऱ्यानं ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं: काय सापडलं, कुठं, कधी. दहा रुपये म्हणजे १८७८ चे दहा रुपये, पण आकडा आजही तोच आहे. लपवून ठेवलं तर हिस्सा जातोच, शिवाय एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्यावर १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष ठरतो, तो देशाबाहेर नेता येत नाही आणि त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. शिवराई सापडली म्हणून व्हॉट्सॅपवर 'बोली लावा' असं टाकणारे आहेत. टाकू नका.

किल्ले, जुनी देवळं, लेणी, जुन्या विहिरी यांच्या आसपास तर मशीन पिशवीतून काढूसुद्धा नका. केंद्रानं किंवा राज्यानं संरक्षित केलेल्या जागेवर परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे. प्रतापगड २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. कास पठार आणि कोयना अभयारण्य पश्चिम घाटाच्या यादीत २०१२ पासून आहेत. लिंबची बारामोटेची विहीर बघायला जा, हात रिकामे ठेवून जा. आणि कायद्याचं बाजूला ठेवलं तरी, तटाखालचं एक नाणं खणून काढलं की ते कुठल्या थरात होतं, शेजारी काय होतं, ही माहिती कायमची पुसली जाते. आपल्या खिशात उरतो तो नुसता धातूचा चपटा तुकडा.

मग राहतं काय? स्वतःचं रान, आणि दुसऱ्याचं असेल तर त्याची परवानगी घेऊन. परवानगी म्हणजे बांधावर भेटलेल्या एकाची नव्हे. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील तर चौघांच्या कानावर घाला. आमच्याकडं मी पोलीस पाटलांनाही सांगून ठेवलंय. गावात कुणी हातात असलं यंत्र घेऊन वाकून फिरताना दिसला, की संध्याकाळपर्यंत पारावर त्याला हंडा सापडलेला असतो.

हंड्यावरून आठवलं. दोन अँटेना लावलेली, 'शंभर मीटरवरून सोनं दाखवते' अशी मशीन विकणारे आपल्याकडं फिरतात. त्यात असतं काय? एक हँडल, फिरणारी सळई, आणि फार तर एक दिवा. कुठलाही खरा डिटेक्टर शंभर मीटरवरून काही सांगू शकत नाही, आणि 'सोनं' असं तर कुणीच सांगत नाही. ही माणसं मग अमावास्या, पूजा, पायाळू माणूस यावर येतात. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्या कायद्यासाठी आयुष्य घालवलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचे होते. असा विक्रेता दारात आला तर चहासुद्धा विचारू नका.

आपली माती: इथं घाई करू नका

आपल्या पायाखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे, साडेसहा कोटी वर्षांमागच्या लाव्ह्याचा काळा पाषाण. काळी माती त्याचीच, मुरूमही त्याचाच. या दगडात मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजं भरपूर असतात आणि दगड झिजून माती झाली तरी ती मातीत राहतात. महाबळेश्वर, पाचगणीचं टेबललँड, कास या वरच्या पठारांवर जांभा आहे, तो तर लोहानं लाल झालेला. परदेशातल्या व्हिडिओत डिटेक्टर एवढ्या खोलवरचं नाणं उचलतो आणि आपल्याकडं वीतभरावरही अडखळतो, त्याचं मोठं कारण हे. मशीनला धातूआधी मातीच ऐकू येते.

खात्री करायची तर जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि रानातल्या कोरड्या, भुसभुशीत मातीतून दहा-बारा वेळा ओढा. बाहेरून काळी रवाळ भुकटी चिकटते. पिशवी उलटी केली की ती गळून पडते. चिमूटभर निघाली तर माती बरी म्हणायची, पिशवीवर केसांसारखी उभी राहिली तर जड. वळणावर काळी वाळू साचलेल्या ओढ्यात हा प्रयोग केलात तर चुंबक अक्षरशः झाकून जातं.

आपल्या भागात आणखी तीन ठिकाणी मशीन फसतं. एक, वीटभट्टीची जागा: भाजलेली माती आणि विटांचे तुकडे चुंबकीय होतात आणि धातूसारखे वाजतात. दोन, उन्हाळ्यात काळ्या रानाला पडलेल्या भेगा: कॉइल (दांड्याच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची चकती) भेगेवरून गेली की खालची माती अचानक नाहीशी होते आणि मशीन उगाच चिरकतं. (भेगेचा दुसरा त्रास असा की अंगठी त्यात पडली तर हातभर खाली जाते आणि पावसानंतर भेग मिटते.) तीन, द्राक्षबाग. तासगावकडं बागेत लोखंडी अँगल आणि तारांचं जाळं असतं, तिथं मोठी कॉइल घेऊन गेलात तर काही उपयोग नाही. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनं असंच यंत्र आणलं होतं. गोळी सापडली नाही. गादीतल्या स्टीलच्या स्प्रिंगांनी यंत्राला चकवलं असं सांगतात. आपल्या बागा म्हणजे एकरभर पसरलेली ती गादीच.

यंत्र करतं काय

थोडक्यात. कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात. एकातून उलटसुलट वीज वाहते, तिचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. खाली धातू असला की त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि ते दुसरं वेटोळं पकडतं. दरीत हाक मारल्यावर पडसाद जरा उशिरा येतो ना, तसा हा परतीचा इशाराही मागं पडतो, आणि चांदीत, लोखंडात, पातळ ॲल्युमिनियममध्ये तो वेगवेगळा मागं पडतो. या फरकावरून मशीन पडद्यावर आकडा दाखवतं.

या पद्धतीच्या मशीनना व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी) म्हणतात. नवख्यानं हीच घ्यावीत. पल्स इंडक्शन नावाची दुसरी जात आहे. ती जड मातीत आणखी खोल जाते, पण लोखंड आणि बाकीचे धातू तिला नीट वेगळे करता येत नाहीत. आपल्या रानात वर्षानुवर्षांचे खिळे, तारा, नालाचे तुकडे पडलेले असतात, प्रत्येकासाठी खड्डा करत बसावं लागेल. शिवाय किंमत बरीच. ती दुसरी-तिसरी मशीन म्हणून.

व्हीएलएफमध्ये एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारी आणि एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी असे दोन प्रकार. फ्रिक्वेन्सी म्हणजे कॉइलमधली वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते ते, ती किलोहर्ट्झमध्ये मोजतात. ढोबळ नियम असा: कमी किलोहर्ट्झ म्हणजे चांदी-तांब्याच्या मोठ्या वस्तूंना बरं, जास्त म्हणजे सोन्याच्या बारीक वस्तूंना बरं. सहा-आठ किलोहर्ट्झची मशीन जोडवी छान धरतात, बारीक मुरणीला चुकतात. बारा-पंधराच्या आसपासची मशीन घरगुती कामाला मधली वाट आहे. अनेक फ्रिक्वेन्सीची मशीन जड माती जास्त चांगली सोसतात, परवडत असेल तर आपल्याकडं तीच बरी.

ग्राउंड बॅलन्स: हे नसेल तर पुढं जाऊ नका

मातीचा आवाज वजा करण्याची सोय म्हणजे ग्राउंड बॅलन्स. ती चार तऱ्हांची मिळते. कारखान्यातूनच बसवून दिलेली, जी बदलता येत नाही. बटण दाबून आपोआप होणारी. हातानं आकडा कमीजास्त करायची. आणि चालता चालता मातीप्रमाणे स्वतः बदलणारी, तिला ट्रॅकिंग म्हणतात.

माझ्या पिवळ्या डिटेक्टरला पहिली होती. परदेशातल्या बागेतल्या मऊ मातीसाठी ती ठीक असते, आपल्याकडं नाही. निदान बटण दाबून होणारी हवी, आणि सोबत हातानं करायची सोय असली तर उत्तम. अनेक फ्रिक्वेन्सीच्या काही सोप्या मशीनना वेगळं बटण नसतं, ती आतल्या आत सांभाळून घेतात. त्यांना हा नियम लागू नाही, पण तुमच्या मातीवर चालवून बघितल्याशिवाय तेही मानू नका.

करायचं कसं ते एकदा नीट बघा. खाली धातू नाही अशी हातभर जागा आधी कॉइल फिरवून शोधा. कॉइल जमिनीला समांतर धरा, बटण दाबून ठेवा आणि कॉइल वीतभर वर, दोन बोटांपर्यंत खाली, पुन्हा वर, अशी पाण्याच्या हातपंपासारखी हलवा. सुरुवातीला प्रत्येक वेळी खाली येताना आवाज होतो. पाच-सहा वेळा हलवल्यावर तो मंदावतो, मग वर-खाली दोन्हीकडं सारखाच होतो किंवा जवळजवळ बंद पडतो. बटण सोडा. बांध ओलांडून काळ्या रानातून मुरमाड पट्ट्यात गेलात की हे पुन्हा करा. आमच्याच दीड एकरात मला दोनदा करावं लागतं.

एवढं करूनही मशीन कुरकुरत असेल तर सेन्सिटिव्हिटी (किती बारीक इशारा ऐकायचा ते ठरवणारी सोय) कमी करा. नवा माणूस नेमकं उलटं करतो, खोल जावं म्हणून ती पूर्ण वाढवतो. जड मातीत ती वाढवली की माती जास्त ऐकू येते आणि वस्तू त्यात बुडून जाते. अंधुक दिसतंय म्हणून धुक्यात गाडीचा मोठा लाइट लावण्यासारखं आहे ते.

आकडे, लोखंड आणि आपली नाणी

डिस्क्रिमिनेशन म्हणजे नको त्या धातूचा आवाज बंद करण्याची सोय. पडद्यावर खालचे आकडे लोखंडाचे, मधले ॲल्युमिनियमचे पातळ तुकडे, सोनं आणि पितळ यांचे मिसळलेले, वरचे तांबं-चांदीचे. प्रत्येक कंपनीची पट्टी वेगळी: कुणाची शून्य ते नव्व्याण्णव, कुणाची उणे नऊपासून चाळीसपर्यंत. दुसऱ्याच्या व्हिडिओतला आकडा आपल्या मशीनला लावू नका.

आणि इथं एक आपल्याकडचीच गंमत आहे. आपली स्टीलची एक-दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटतात. म्हणूनच कृष्णेच्या घाटावरची पोरं दोरीला चुंबक बांधून नाणी काढतात. डिटेक्टरला ही नाणी लोखंडासारखी वाटतात, आकडा उड्या मारतो. लोखंडाचा आवाज बंद करून फिरलात तर आजची चिल्लर सुटेलच. दहाचं दोन धातूंचं नाणं मात्र चांगला स्थिर आकडा देतं, सरावाला तेच वापरा.

सोन्याचं दुखणं वेगळं. वाटी किंवा बारीक अंगठी यांचा आकडा औषधाच्या गोळ्यांच्या पट्टीच्या तुकड्याजवळ येतो. आमच्या रानात त्याहून छळते ती कीटकनाशकाच्या बाटलीच्या तोंडावरची चंदेरी चकती. फवारणीच्या वेळी फाडून टाकलेल्या अशा चाळीस तरी मी आजवर खणल्या असतील. त्याला इलाज नाही: सोनं हवं असेल तर मधल्या आकड्यांवर प्रत्येक वेळी खणायचं. बारीक साखळी तर सगळ्यात अवघड, कारण मशीन अख्खी साखळी बघत नाही, एकेक कडी बघतं. अंगठी अखंड असेल तर प्रवाह गोल फिरतो आणि आवाज खणखणीत येतो, तुटलेली किंवा तोंड उघडं असलेलं वेढं असेल तर तेच चांदीचं असूनही आवाज पडतो. म्हणून जोडवी शोधायला गेलात तर आधी विचारा, बंद वळ्याचं की उघड्या वेढ्याचं? जमलं तर दुसऱ्या पायातलं जोडवं मागून घ्या आणि मशीनखाली धरून आकडा बघून ठेवा.

कॉइल, वजन, पाणी

कॉइल डबल-डी हवी, म्हणजे इंग्रजी D सारखी दोन वेटोळी पाठीला पाठ लावलेली. तिचा शोधायचा पट्टा कॉइलच्या मधून पुढून मागं उभा जातो आणि जड मातीत ती कॉन्सेंट्रिक (एकात एक गोल वेटोळ्यांच्या) कॉइलपेक्षा शांत राहते. नऊ ते अकरा इंची एक पुरे. द्राक्षबागेत किंवा गोठ्याजवळ काम असेल तर पुढे पाच-सहा इंची छोटी घ्या. मोठी कॉइल म्हणजे जास्त खोल हे अर्धसत्य आहे, कारण मोठ्या कॉइलखाली मातीही जास्त येते. चांगल्या मशीननं आपल्या मातीत दहाचं नाणं वीतभराच्या आत नीट ऐकू आलं, तर समाधान माना.

वजन सव्वा-दीड किलो ऐकायला काहीच नाही. लांब दांड्याच्या टोकाला धरून तासभर हलवा, मग कळेल. दांडा आखूड-लांब होतो का ते बघा, म्हणजे घरातल्या बाईमाणसालाही वापरता येईल. कॉइल बहुतेक मशीनची पाण्यात चालते, पडद्याचा डबा चालतोच असं नाही. ठिबक, पाट, ऊस म्हटलं की चिखल आला, त्यामुळं हे विचारून घ्या.

नावं आणि खरेदी

नवख्यांसाठी तीन नावं नेहमी पुढं येतात. तुर्कस्तानच्या नोक्ताचं सिम्प्लेक्स: एकच फ्रिक्वेन्सी, बारा किंवा पंधरा किलोहर्ट्झ, पण ग्राउंड बॅलन्स आपोआप, हातानं, ट्रॅकिंग अशा तिन्ही तऱ्हांनी होतो आणि अख्खं मशीन पाण्यात चालतं. ऑस्ट्रेलियाच्या माइनलॅबचं व्हॅनक्विश: अनेक फ्रिक्वेन्सी, बॅलन्सचं बटण नाही, चालवायला एकदम सोपं, पण डबा पाण्यात घालायचा नाही. अमेरिकेच्या गॅरेटची एस (Ace) मालिका: टिकाऊ, जुनी, सुटे भाग मिळतात, पण एस ३०० आणि ४०० यांचा बॅलन्स कारखान्यातूनच ठरलेला. माझा कल काळ्या रानाला सिम्प्लेक्सकडं आहे. जांभ्यावर व्हॅनक्विश आधी चालवून बघेन. एस मी आपल्याकडं पहिली म्हणून घेणार नाही, चांगली असली तरी.

बाहेरून मागवणार असाल तर तिथली किंमत बघून खुश होऊ नका. वाहतूक, कस्टम ड्यूटी आणि जीएसटी धरून हातात पडेपर्यंत आकडा बराच फुगतो, आणि बिघडलं तर परत पाठवायचा खर्चही आपलाच. इथल्या विक्रेत्याकडून घेतलं तर पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड मागा. 'वॉरंटी आहे' असं तोंडी सांगणाऱ्याला 'मशीन दुरुस्तीला कुठं पाठवता?' एवढंच विचारा, त्याच्या उत्तरावरून समजतं. आणखी एक: मॉलच्या किंवा देवळाच्या दारात अंगावरून फिरवतात ते हातातलं बॅटसारखं यंत्रही 'मेटल डिटेक्टर' म्हणूनच विकतात. ते माणसांच्या तपासणीचं आहे, जमिनीचं नाही.

वापरलेलं मशीन घेणं वाईट नाही. मात्र कॉइलची केबल दांड्याला गुंडाळलेली असते तिथं हातानं हलवून बघा. आवाज तुटत असेल तर आत तार गेलेली आहे.

बघायला जाताना सोबत न्यायची पिशवी

हा माझा आवडता भाग. दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी जाताना प्लास्टिकच्या पिशवीत रानातली दोन किलो माती न्या. जांभ्याचा एक तुकडा, काळ्या दगडाचा एक, विटेचा एक. आणि डबीत: दहाचं नाणं, दोनचं नाणं, खिळा, गोळ्यांच्या पट्टीचा तुकडा, एक जोडवं, जमलं तर सोन्याची अंगठी.

प्लास्टिकच्या टेबलावर, लोखंडी कपाटापासून दूर, मशीन चालू करा. आधी मातीची पिशवी कॉइलपुढून फिरवा. मग बॅलन्स करून पुन्हा फिरवा. आवाज कमी झाला? मग दगड, मग वीट. त्यानंतर डबीतलं एकेक, आकडा कागदावर लिहीत. शेवटी नाणं मातीच्या पिशवीमागं धरा आणि कॉइल पिशवीच्या अलीकडून फिरवा. नाणं कळलं तर मशीन तुमच्या कामाचं. विकणारा हसला तर हसू द्या. मिरजेत ज्यांच्याकडं मी हे केलं, ते आधी हसले आणि नंतर ती माती ठेवून जा म्हणाले.

फोन खिशात नको. मीटर किंवा चालू मोटारीजवळ चाचणी घेऊ नका. रानात झटका मशीन (जनावरं रोखायला कुंपणाच्या तारेत झटके सोडणारी) असेल तर ती बंद केल्याशिवाय डिटेक्टर वापरताच येत नाही, ती दर सेकंदाला टिक टिक ऐकवते. उच्चदाबाच्या तारांखालीही हाच त्रास.

पहिला आठवडा

परसात एक वाफा राखून ठेवा. त्यात नाणं चार बोटांवर, जोडवं वीतभर, खिळा, पट्टीचा तुकडा असं हातभर अंतरानं पुरा आणि वहीत नकाशा काढा. रोज पंधरा मिनिटं त्याच वाफ्यावर फिरा. आठवड्यात पडद्याकडं न बघता नुसत्या आवाजावरून खिळा आणि नाणं वेगळं सांगता येतं. तोवर रानात जाऊ नका.

रानात शोधायची रीत साधी आहे. हरवलेली जागा सुतळीनं दीड-दोन हात रुंद पट्ट्यांत आखा. कॉइल जमिनीपासून दोन बोटं वर, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला दीड-दोन सेकंद, पुढची फेरी आधीच्या अर्ध्या फेरीवरून. टोकाला कॉइल वर उचलू नका, सगळ्यांची ती खोड असते. आवाज आला की नव्वद अंशात वळून त्यावरून पुन्हा जा. दोन्ही बाजूंनी एकसारखा वाजला तर खणा, एकाच बाजूनं वाजला तर बहुधा लोखंड.

खणायला खुरपंच बरं, पण कॉइल फिरवताना ते लांब ठेवा. हातातलं कडं, लोखंडी घमेलंही. माती प्लास्टिकच्या टबात काढा. खड्ड्यात वस्तू नेमकी कुठं ते दाखवणारं, पिनपॉइंटर म्हणून बोटभर जाड छोटं यंत्र मिळतं, ते लगेच घ्या, निम्मा वेळ वाचतो. नसेल तर मूठभर माती हातात घेऊन कॉइलवरून फिरवा. वाजली नाही की टाका, पुढची मूठ.

वहिनींची वाटी चौथ्या दिवशी सापडली, मिरजेच्या मित्राकडून आणलेल्या मशीननं. गादीवाफ्यांवर दोन तास फिरलो, निघाल्या त्या चंदेरी चकत्या आणि एक बोल्ट. दमून बांधावर बसायला गेलो आणि मशीन बंद करायचं राहिलं होतं, ते बांधाकडेच वाजलं. चाळणीवर राहिलेली ढेकळं आम्हीच तीन दिवस तिथं फेकत होतो. मुठीएवढं एक ढेकूळ उचललं, कॉइलवर धरलं, तेच वाजत होतं. वहिनींनी ते तांब्यातल्या पाण्यात सोडलं. माती हळूहळू विरघळली आणि चिखलानं गच्च भरलेली वाटी तळाशी जाऊन बसली.